पाऊस का थांबतो

आमच्या घरी कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशोब नसतो, पावसाचा असतो. अण्णांच्या बारीक अक्षरात: १२, ०, ०, ४.५, आणि मधेच कुठेतरी ‘शिं’. शिं म्हणजे शिंतोडा. अंगाला लागला, पण मापकात उतरला नाही असा पाऊस. वेधशाळेत याला ‘ट्रेस’ म्हणतात असं मी सांगून पाहिलं होतं, पण तो शब्द त्यांना पटला नाही.

हा मापक मी २०१७ च्या मे महिन्यात पुण्याहून नेला. शाळांमध्ये असतो तसा, साध्या प्लास्टिकचा. अण्णांनी आधी तो लिंबाखालच्या ओट्यावर ठेवला. मी म्हटलं, झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा, नाहीतर पानांवरून गळणारं पाणी मोजाल. मग मापक रानात बांधावर गेला आणि शेळ्यांसाठी भोवती बाभळीच्या काट्या आल्या. वाचायची वेळ सकाळी साडेआठ. “साडेआठच का? सातला वैरण टाकायला जातोच की मी,” अण्णा म्हणाले. मी सांगितलं, ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि देशभर सगळीकडे पाऊस याच वेळी वाचतात.

“त्यांचे तीन अन् आपले साडेआठ. पावसाला काय कळतंय त्यातलं?”

मी हसले होते. याच साडेपाच तासांनी पुढे माझे तीन महिने खाल्ले. ते ओघात येईलच.

औसा तालुक्यात आमचं सात एकर रान आहे. सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, पाणी असलंच तर हरभरा. २०१४ साली देशात सरासरीच्या ८८ टक्के पाऊस झाला, २०१५ साली ८६. ऐकायला शंभरातले बारा-चौदाच कमी. पण सरासरी देशाची असते आणि मांजरा धरण लातूरचं. ते कोरडं पडलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. खोलीवर आम्ही चौघी. आंघोळ टपात उभं राहून करायची आणि तेच पाणी संडासला वापरायचं, असा नियम. रेल्वे मी लांबूनच पाहिली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. एवढं पाणी एका जागी चालत आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि ते मला प्रचंड वाटलं.

पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा आईला वाटलं, टीव्हीवर नकाशापुढं उभं राहून बोलायचं असतं ते. मलाही फार वेगळं ठाऊक होतं असं नाही. पाऊस कधी येणार हे काढायला शिकवतील, एवढीच माझी समजूत.

पहिल्याच महिन्यात शाळेतला मान्सून मोडीत निघाला. जमीन तापते, हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पाचे वारे येतात, हे आपण सगळेच पाठ करून आलेलो. ही कल्पना १६८६ सालची, धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीची. सरांनी वर्गात विचारलं, “लातूरचं कोण आहे? तुमच्याकडे जमीन सगळ्यात जास्त कधी तापते?” मी म्हटलं, मेमध्ये. “मग सगळ्यात जास्त पाऊस मेमध्ये पडत असेल?” वर्ग हसला. सर थांबले नाहीत. चांगल्या पावसाच्या वर्षी जमीन गार असते आणि दुष्काळात ती जास्त तापलेली असते. नुसत्या तापण्याने पाऊस येत असता, तर दुष्काळाच्या जुलैत धो धो कोसळला असता.

उत्तर दुसरीकडे होतं. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो, दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे येऊन भिडतात तिथे. तो सूर्याच्या मागे मागे वर-खाली सरकतो. इतर महासागरांवर तो फार वर येत नाही, आपल्याकडे मात्र थेट गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. तोच आपला मान्सून. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहाची रोजची चित्रं ओळीने लावून हा पट्टा दिवसादिवसाने कुठे असतो ते पाहिलं. १९८० साली त्यांचा शोधनिबंध आला. त्यात दिसलं ते असं, की पट्टा जूनमध्ये एकदा येऊन मुक्काम ठोकत नाही. जमिनीवरचा पट्टा विरतो, खाली विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रावर नवा तयार होतो, तो उत्तरेला सरकत येतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. म्हणजे मान्सून हप्त्याने येतो. दोन हप्त्यांच्या मधला काळ म्हणजे आपला खंड.

पुढच्या पावसाळ्यात, मापक बसल्यावर, मी कालनिर्णयमधले अण्णांचे आकडे फोनवर मागवून घेतले. दोन महिन्यांचेच होते, त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. पण शून्यांची रांग लागलेली पहिल्यांदाच मला रिकामी वाटली नाही. पाऊस का येतो यापेक्षा तो मधेच का थांबतो, हे मला शिकायचं होतं.

गणित जड गेलं, ते लपवत नाही. पाठ्यपुस्तकांतलं बरंचसं हवामान युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर उभं आहे. थंड हवा आणि गरम हवा यांची टक्कर, दाबाच्या नकाशावरून वारा ओळखणं वगैरे. विषुववृत्ताकडे जावं तसा पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा जोर कमी होत जातो, आणि तापमानाचा नकाशा इतका सपाट असतो की त्यात बघायला काही नाही. मग इथलं इंजिन चालतं कशावर? ढगावर. एक किलो वाफेचं ढगात पाणी झालं की सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. हा आकडा मला नुसता कळत नव्हता, म्हणून आमच्या रानावर लावून पाहिला. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. ते ढगात तयार होताना सुटलेली उष्णता विजेच्या हिशोबात ७० हजार युनिट. पाच हॉर्सपॉवरची मोटर रात्रंदिवस दोन वर्षं चालेल एवढी.

हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “अन् ती वीज जाते कुठं? बिल तर आपल्यालाच यायलंय.”

जाते कुठं, हाच खरा प्रश्न आहे. ती वरची हवा तापवते, तापलेली हवा आणखी वर चढते, खालून आणखी बाष्प ओढलं जातं आणि हजारो किलोमीटरवरचे वारे बदलतात. त्याच हिशोबात आणखी एक गोष्ट निघाली. लातूरला आलेल्या त्या पहिल्या रेल्वेतलं पाच लाख लिटर पाणी म्हणजे आमच्या पाच एकरांवर पडलेला एक इंच पाऊस. एका दुपारचा. मला बराच वेळ पुढचं काही वाचवेना.

पुण्यात हवामान खात्याच्या दगडी इमारतीला सगळे शिमला ऑफिस म्हणतात. कंडक्टरसुद्धा तसंच ओरडतो. खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून हे नाव. त्या शिमल्यात गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती १९०४ पासून वीस वर्षं जगभरच्या वेधशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून बघत बसला होता, आपला पाऊस आधी सांगता येईल का म्हणून. हाताखाली कारकून, संगणक नाही. त्यातून त्याला सापडलं, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होतं. एल निनोशी, म्हणजे दर काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्याच्याशी, या झोक्याचं नातं जुळायला पुढे १९६९ साल उजाडलं. म्हणजे माणूस गेला पावसाच्या शोधात आणि त्याला अर्ध्या पृथ्वीचा झोका मिळाला. शिमल्याचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

पीएच.डी.साठी मी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आले. विषय ठरला बंगालच्या उपसागराचा वरचा थर आणि पावसाचा खंड. लातूरची मुलगी आणि विषय समुद्राचा, यावर घरी बरीच थट्टा झाली. पण आमच्या मांजरेला पाणी उरलंच तर ते गोदावरीतून त्याच उपसागरात जातं, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं.

उपसागरच का, तर मेमध्ये आपल्या दोन्ही बाजूंचे समुद्र तापलेले असतात. मान्सूनचा वारा सुटला की अरबी समुद्र घुसळून निघतो, सोमालियाच्या किनाऱ्याशी खालचं थंड पाणी वर येतं आणि तो निवतो. बंगालचा उपसागर तसा निवत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी या सगळ्यांचं गोडं पाणी आणि वरून पडणारा पाऊस. हे हलकं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरून राहतं. वाऱ्याला ती साय सहजासहजी फोडता येत नाही. वरचा पातळ थर भर पावसाळ्यातही २८ अंशांच्या वर राहतो, आणि साधारण तेवढं तापमान असल्याशिवाय उंच ढगांची फौज उभी राहत नाही.

हे सगळं कागदावर पाठ होतं. २०१९ च्या जुलैत ते बघायला जहाजावर जायला मिळालं. चेन्नईहून निघायचं, वीस दिवस. आई म्हणाली, “पोहता येत नाही तुला.” मी म्हटलं, तिथं पोहता येऊन उपयोग नाही. हे सांत्वन नव्हतं हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

पहिले दोन दिवस मी काहीही शिकले नाही. केबिनमधल्या बंगळुरूच्या मुलीने माझ्यापुढे कोरडी बिस्किटं आणि बादली ठेवली आणि स्वतः ड्यूटीवर गेली. आईने दिलेली आवळासुपारी तोंडात धरून मी छताचे स्क्रू मोजत होते. तिसऱ्या दिवशी उठले ते उठलेच. माझी पाळी बारा ते चार, दुपारी आणि रात्री.

रात्रीची पाळी मला आवडायची. डेकवर पिवळे दिवे, पलीकडे काहीच नाही. सीटीडी हे यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचा लोखंडी पिंजरा, त्याला कडेने पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या आणि तळाशी तापमान, क्षारता, दाब मोजणारे सेन्सर. तो क्रेनने बाहेर झुलवायचा, पाण्यात उतरवायचा आणि दहा मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवायचा. नळीत अडकलेली हवा जाऊन पंप नीट सुरू होईपर्यंत घाई करायची नाही, नाहीतर पहिले आकडे फुकट. मग सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली. आत संगणकावर दोन रेघा उतरत जातात, लाल तापमानाची, निळी क्षारतेची. पहिल्या रात्री मी बघत होते. तापमानाची रेघ तीस-पस्तीस मीटरपर्यंत सरळ खाली, काही बदल नाही. क्षारतेची रेघ मात्र बाराव्या मीटरलाच वाकली. म्हणजे साय बारा मीटरची होती. त्याखाली पाणी तेवढंच गरम पण जास्त खारट, म्हणून जड. याला बॅरिअर लेअर म्हणतात, हे मी निदान पन्नास वेळा लिहिलेलं होतं. ती वाकलेली रेघ समोर उतरताना बघून मी शेजारच्याला कोपराने ढोसलं. त्याने शंभरेक वेळा बघितलं असावं. “हो, आहे ती,” म्हणाला आणि चहा प्यायला.

एकदा यंत्र हजार मीटर खाली सोडायचं होतं. तिथे पाणी सहा-सात अंशांचं, दाब हवेच्या शंभर पट. जहाजावरची जुनी रीत आहे, थर्माकोलच्या कपांवर नावं लिहून जाळीच्या पिशवीतून पिंजऱ्याला बांधायची. वर येतात तेव्हा चहाचा कप बाहुलीच्या भातुकलीतला झालेला असतो, अक्षरांसकट. मी अण्णांचं नाव लिहिलं होतं. तो कप आता देव्हाऱ्यात आहे, का ते आईला विचारू नये.

विंच चालवणाऱ्या खलाशांवरचा सारंग दाभोळकडचा होता. पन्नाशी उलटलेला, मराठी बोलणारं कोणी भेटलं म्हणून खूश. मी त्यांना सारंगकाका म्हणायचे. आमचा फुगा त्यांच्यामुळे वाचला. हवेचे थर मोजायला पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी हेलियमचा फुगा सोडायचा असतो. खाली हाताच्या मुठीएवढं यंत्र लटकतं, ते तापमान, दमटपणा आणि जागा कळवत राहतं. फुगा सेकंदाला पाच मीटर चढतो आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर फुगून फुगून फुटतो. आमचा पहिला मात्र दोन मीटरवर फुटला. रेलिंगच्या एका बोल्टला टेकला, फट्. प्रमुखांनी काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. दुसऱ्या पहाटे जाऊन बघते तर सारंगकाकांनी रेलिंगला जुनं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं. “बाळ न्हाऊ घालायच्या आधी मोरी बघून घ्यायची असते,” म्हणाले.

आमचं ठाणं होतं १५ अंश उत्तरेला. दर तीन तासांनी तेच, त्याच जागी. आणि समुद्र शांत. पहिले आठ दिवस मान्सून कुठे आहे असं विचारावं इतका शांत. आभाळ निळं, वारा नाही, पाणी तेलासारखं. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पृष्ठभागाचं तापमान ३०.६ पर्यंत चढलं. सेन्सरवर विश्वास नको म्हणून बादलीने पाणी काढून त्यात थर्मामीटर बुडवायची जुनी पद्धतही आम्ही करून बघितली, तीही तेच सांगत होती. आठवड्यातून दोन मिनिटं उपग्रहावरून फोन करता यायचा.

“पाऊस येईना गेलाय,” अण्णा म्हणाले. “पेरलेलं करपायलंय. तिकडं काय?”

“इथं समुद्र तापायलाय अण्णा. हे ऊन पाण्यात मुरतंय. तापला की मग ढग वर सरकतात, दिवसाला साधारण एक अंश. आपण अठराला आहोत.”

“म्हंजे किती दिवस?”

मी दहा-बारा म्हटलं आणि लगेच जीभ चावली. असं सांगायचं नसतं. पण दोन मिनिटांत शक्यतेची भाषा कशी बोलायची?

मग एका दुपारी वारा नसतानाच जहाज दक्षिणेकडून हलायला लागलं. लांब, सावकाश हेलकावे. सारंगकाका विंचवरची ताडपत्री बांधून घेत म्हणाले, “खाली कुठंतरी लागलाय.” चारच्या सुमाराला दक्षिणेकडचं क्षितिज शाईसारखं झालं. त्याच्यापुढे एक फिक्कट राखाडी कड होती, ती बघता बघता आमच्यावर आली. पाऊस नंतर, आधी गार वारा. मास्टवरच्या यंत्राने हवेचं तापमान बारा मिनिटांत २९.४ वरून २४.८ वर आलेलं नोंदवलं. मी स्वेटर आणला नव्हता. ढगातून कोसळणारा पाऊस अर्धवट वाटेतच वाळतो, त्याने हवा गार होऊन जड होते आणि धपकन खाली येऊन पसरते; ती ही हवा. मग पाऊस असा की डेकचं दुसरं टोक दिसेना. यंत्र उतरवायची परवानगी दीड तासाने मिळाली. वरच्या तीन मीटरची क्षारता सव्वाएकाने उतरली होती. पावसाचं पाणी नुसतं वर पडून होतं, अजून कालवलंही गेलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस झोडपले गेलो. आणि त्यातच मला हवं ते मिळालं. ढगांनी ऊन अडवलं, वाऱ्याने वाफ काढून नेली, समुद्राची वरची कातडी ३०.६ वरून २९ च्या खाली आली. साय पातळ म्हणून लवकर तापते, आणि तेवढ्याच लवकर निवते. आता पुन्हा निरभ्र आभाळ, पुन्हा ऊन, पुन्हा तापणं. पंधरवडा, तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. इतकं सरळ असतं तर माझी पीएच.डी. एका वर्षात झाली असती. समुद्र हुकूम सोडतो आणि ढग ऐकतो, असं मुळीच नाही. हवेचं स्वतःचं वेगळं आंदोलन आहे, विषुववृत्तावरून पूर्वेला जाणारं, तीस ते साठ दिवसांचं. मॅडन आणि ज्युलियन यांनी ते १९७१ साली दाखवलं. समुद्र त्याला कधी साथ देतो, कधी देत नाही. कोणाचा वाटा किती, यावर भांडणं अजून चालू आहेत आणि मला ती संपायला नको आहेत, कारण पोट त्यावरच आहे.

बंदराजवळ आलो आणि सगळ्यांच्या फोनना एकदम रेंज आली. वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची चित्रं. सत्तावीस जुलैची. कालनिर्णयवर त्या दोन दिवसांत मिळून आमच्याकडे ९ मिलिमीटर.

आता ते साडेपाच तास. जहाजावरची यंत्रं ग्रिनिचच्या वेळेत नोंद करत होती, पण माझ्या पाळीतली बादलीची आणि हवेची वही मी घड्याळ बघून, आपल्या वेळेत लिहिली होती. पुण्याला येऊन सगळं एका फाइलमध्ये घातलं आणि सगळ्याला एकदम साडेपाच तास मिळवले. अर्धा भाग बरोबर आला, अर्धा पुढे सरकला. माझ्या आलेखात समुद्र रात्री आठला सगळ्यात गरम दिसायला लागला. शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती. मी त्याचं स्पष्टीकरण तयार केलं. गोड्या पाण्याची साय, तिच्याखाली साठलेली उष्णता, संध्याकाळी ती वर कशी येते. आकृत्या, समीकरणं, बारा पानं. तीन महिने. मार्गदर्शक बाईंनी पहिलं पान बघितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे सूर्य कधी मावळतो?” मी म्हटलं, सातला. “मग आठला पाणी कोण तापवतंय?”

त्यांनी बारा पानं परत दिली नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवली आहेत असं ऐकते.

२०२३ चा ऑगस्ट मी पाषाणलाच होते. जुलै छान गेला होता, देशात सरासरीपेक्षा तेरा टक्के जास्त. सोयाबीन फुलोऱ्यात आलं आणि पाऊस थांबला. प्रशांत महासागरात एल निनो, विषुववृत्तावरचं ते पूर्वेला जाणारं आंदोलन आपल्यासाठी अडचणीच्या जागी, मान्सूनचा आस, म्हणजे पाऊस देणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसलेला. खंडाचं हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. आस डोंगराला टेकला की तिथे कोसळतो आणि आपल्याकडे धूळ उडते. त्याच महिन्याच्या मध्याला शिमल्यात दरडी कोसळल्या.

अण्णा फोनवर म्हणाले, “टीव्हीवर शिमला वाहून चाललाय. अन् इथं भेगा पडल्यात. हे काय गणित आहे, माय?”

गणित एकच आहे, हे मी समजावलं. त्यांना ते कळलंही. मग त्यांनी विचारलं, “मग कवा?” हवामान खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो, तो मी आधीपासूनच बघत होते. त्यात रंग होते, टक्के होते, मराठवाडा अख्खा एक डाग होता. दोन आठवडे तरी आशा नाही, एवढं मी धीर करून सांगितलं. त्यांनी विहिरीत होतं ते पाणी खालच्या तीन एकरांना दिलं आणि वरचं रान सोडलं. मी चुकले असते तर वरचं रान माझ्यामुळे गेलं असतं. तो पंधरवडा मी गुरुवारची वाट बघण्यापलीकडे फार काम केलं नाही.

तो ऑगस्ट देशात सरासरीहून ३६ टक्के कमी पडला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. माझ्या क्षेत्रातल्या लोकांसाठी हा सोन्यासारखा महिना आहे, त्यावर पुढची दहा वर्षं निबंध येत राहतील. त्यातल्या एकावर माझंही नाव असेल. हे अण्णांना सांगायला मला अजून जमलेलं नाही.

गावात मात्र एकच आकडा चालू होता, २१. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, सलग २१ दिवस खंड पडला तर विम्याची आगाऊ रक्कम मिळणार होती. अडीच मिलिमीटर पडला तर तो पावसाचा दिवस, त्याखाली कोरडा. कालनिर्णयवर ऑगस्टची पूर्ण रांग शून्यांची, मधे एका चौकटीत ‘शिं’. मंडळाचा मापक आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. त्यात त्या दिवशी ३ मिलिमीटर उतरला होता. मी दोन्ही आकडे बघितले. दोन्ही बरोबर होते. पावसाळी ढगाचा एक गाभा चार-पाच किलोमीटरचा असतो, रस्त्याच्या एका बाजूला पडून दुसरी कोरडी राहते, हे मीच वर्गात शिकवते.

सप्टेंबरात पाऊस आला, सरासरीहून जास्त. शेंगा तोवर पोचट राहिल्या होत्या. खालच्या तीन एकरांत एकरी पाच क्विंटल निघाले, वरच्यात दीड.

पुढच्या मेमध्ये अण्णांनी आणखी एक मापक मागितला, खालच्या रानासाठी. दोन्हींमध्ये अंतर चारशे मीटर. मी म्हटलं, एवढ्या जवळ कशाला? म्हणाले, “बघू तर दोन्हीकडं सारखा पडतो का.” जूनच्या पहिल्याच वळवात वर १४ आणि खाली २३. चौकटीत दोन आकडे मावेनात, म्हणून त्यांनी आता वेगळी वही केली आहे.